माईच्या पसंतीचा टीव्ही

अंबरनाथच्या शिवमंदिराकडच्या त्या इमारतीत टीव्ही नसलेलं घर आता एकच उरलं होतं, ते म्हणजे शरदचंद्रचं. गडी कंजूष नव्हता, चिकित्सक होता. काड्यापेट्यांच्या कारखान्यात तपासनीस. माल तपासून तपासून त्याला अशी खोड जडली होती, की मेथीची जुडीसुद्धा तो सोडून बघायचा आणि भाजीवाली कपाळाला हात लावायची. बड्या कंपनीचा टीव्ही परवडत नव्हता. तेव्हा उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये होतूमलच्या दुकानात सुटे भाग जोडून केलेले सेट मिळतात, त्यातला एक घ्यायचा, असं वर्षभर विचार करून ठरलं.

शनिवारी संध्याकाळी निघताना तो घरातला जुना रेडिओ चादरीत गुंडाळू लागला आणि माई, त्याची आई, पुढे झाली.

"अरे, रेडिओ कशाला नेतोस?"

"बदल्यात देतोय, माई. तेवढाच खर्चाचा भार हलका. आणि टीव्ही आल्यावर रेडिओ ऐकणार कोण?"

ऐकणारी समोर उभी होती, पण ते तिला बोलता येईना. माईच्या डोळ्यांपुढे दोन वर्षांपासून धुकं साचत होतं. आता उजेड आणि अंधार कळायचा, माणसाचा आकार कळायचा, नाकडोळे नाहीत. भावाकडे कल्याणला गेली असताना डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता, आणि गेलेली नजर परत येत नाही हेही. तिने भावाला शपथ घातली आणि घरात अवाक्षर काढलं नाही.

त्याला कारण होतं तिच्या सासूचं. सासूची नजर गेली तेव्हा सगळ्यांनी मोठ्या मायेने तिला एका पाटावर बसवलं. "तुम्ही आता काही करू नका, नुसत्या बसा." म्हातारी त्या पाटावरून उठली ती चौघांच्या खांद्यावर. पाट माईनेच मांडला होता. म्हणून माई आता डबे जागच्या जागी ठेवायची, मोहरी तडतडल्याच्या आवाजावर फोडणी करायची, दर सोमवारी शिवमंदिरात एकटी जायची. गाभाऱ्यात उतरायच्या पायऱ्या तिच्या पायांना पाठ होत्या. उरलेला दिवस तिला आण्णांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हौसेने आणलेला तो रेडिओ सोबत करायचा. सकाळचे अभंग, दुपारची श्रुतिका, सांजेच्या बातम्या. रेडिओपुढे ती आणि डोळस माणसं सारखीच होती.

रिक्षात मुलगा-सुनेच्या मधे बसून तिने मनाशी एक बेत केला. रेडिओ जातोय तर जाऊ दे, टीव्ही तरी दणदणीत आवाजाचा घ्यायचा. आवाज चांगला असला की तिचं भागलं. त्यांच्या घरात मोठी वस्तू घेताना थोरल्या माणसाची पसंती घ्यायची रीतच होती. तिला विचारणार, हे ठरलेलं होतं.

होतूमलने स्टुलावरून उठून तिला खुर्ची दिली. भिंतीशी चार सेट सुरू होते, चारींवर एकच कार्यक्रम. त्यातल्या एकाचा आवाज असा घुमत होता, की माईच्या अंगावर काटा आला. आण्णांच्या रेडिओचाच गळा! तिने कान लावून जागा हेरली. पंख्याच्या वाऱ्याकडचा, अगदी कडेचा.

"माई, ये, तूच पसंत कर," शरदचंद्र म्हणाला. ती हात उचलणार, तेवढ्यात त्याच्यातला तपासनीस जागा झाला. "थांब! होतूमलशेठ, सगळ्यांचे आवाज बंद करा. आमच्याकडे एक गोष्ट तपासायची तर बाकीच्या बंद करतात. आवाजाने डोळा फसतो. आणि हे चारी नीट एका रांगेत लावा, सारख्या अंतरावर."

"साईं, आवाज भी तो देखना पडता है," होतूमल म्हणाला. "ये छोटेवाले का स्पीकर कमजोर है, पहले से बोल देता हूँ."

"अहो, चित्र महत्त्वाचं. ऐकायलाच असतं तर रेडिओ होता की!"

आवाज बंद झाले, सेट सरकवताना त्यांच्या जागाही बदलल्या. दुकानात नुसता पंखा फिरत राहिला. माईपुढे लहानमोठं न कळणारे उजेडाचे चार डाग होते आणि त्यातला तिचा कोणता, हे सांगायला काही म्हणजे काही उरलं नव्हतं. तिला वाटलं, आत्ता सांगावं. सरळ सांगून टाकावं, की मला दिसत नाही रे. रेडिओ होतूमलच्या टेबलावर चादरीत होता, एका वाक्यात परत मिळाला असता. पण त्या वाक्यामागे पाट उभा होता.

"माई, बोला ना," तिची सून कुंदा हळूच म्हणाली.

माईने त्यातल्या त्यात लख्ख डागाकडे बोट केलं.

"वा!" शरदचंद्रने टाळीच वाजवली. "बघा शेठ, मी मनात हाच धरला होता. सर्वांत रेखीव चित्र! या वयात आमच्या माईची नजर बघा!"

तो होतूमलने आधीच सांगितलेला, कमजोर स्पीकरचा छोटा सेट होता.

रविवारी गच्चीवर अँटेना चढली आणि संध्याकाळी अर्धी इमारत घरात लोटली. माईला अगदी पुढे बसवलं होतं. शरदचंद्र येईल त्याला चारी सेटची गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होता आणि शेवटी म्हणत होता, "माईच्या पसंतीचा आहे हो!" टीव्हीचा आवाज डब्यात कोंडलेल्या माशीसारखा येत होता आणि पोरांच्या कालव्यात तोही बुडाला. सगळे हसले की माई हसायची, जरा मागाहून. तिला रडू येत होतं, पण पुढच्या रांगेत बसून रडायची सोय नव्हती.

सोमवारी सकाळी अभंगांच्या वेळेला तिचा हात सवयीने फळीकडे गेला. तिथे आता टीव्ही होता. चाचपून तिने बटण फिरवलं. उजेड आला, चुरचुर आवाज आला. वाढवून पाहिलं तर चुरचुरच वाढली. स्पीकरच तसला, गाणाऱ्या बाईचा गळा त्यात अडकला असेल, असं समजून ती कान देऊन बसली.

शरदचंद्र डबा घ्यायला बाहेर आला. "माई, काय बघतेस?"

"बाई गातेय ना कुणी," माई चटकन म्हणाली. "छान दिसतेय. आवाज तेवढा बसलाय तिचा."

शरदचंद्रने पडद्याकडे पाहिलं. सकाळी टीव्हीवर काहीच नसायचं. पडदाभर नुसत्या मुंग्या नाचत होत्या. त्याने माईच्या डोळ्यांसमोर बोट नेलं, आणि पापणी हलली नाही तेव्हा त्याने टीव्ही बंद केला. स्वयंपाकघराच्या दारात कुंदा तोंडाला पदर लावून उभी होती.

तो कामावर गेलाच नाही, तडक कॅम्प पाचला गेला. रेडिओ कालच बारवी धरणाकडच्या कुणी माणसाने नेला होता. नाव कोण विचारतं? घुमणारा सेटही एका लग्नघरी गेला होता. होतूमल बिचारा हळहळला, त्याने चहा पाजला. त्याच्या हातात दुसरं काय होतं? पुढच्या पगाराला ट्रान्झिस्टर आणू, असं घोकत शरदचंद्र परतला.

घरी तोवर कुंदाने माईच्या हातातला झारा काढून घेतला होता. देवळाची पिशवी खुंटीवरच राहिली. "माई, तुम्ही आता काही करायचं नाही," असं म्हणत तिने माईला हाताला धरून टीव्हीपुढच्या खुर्चीत बसवलं. कुंदाच्या बोलण्यात माया होती, म्हणून तर माईला तिच्यावर रागावताही येईना.

संध्याकाळी शरदचंद्र तिच्या पायाशी बसून पडद्यावरचं सांगू लागला. "आता एक माणूस आला, माई. दार उघडतोय. टोपी काढली. आता... बोलतोय काहीतरी."

"काय बोलतोय?"

त्यालाही ते ऐकू येईना, तो पडद्याजवळ सरकला.

"शरद, जरा आवाज वाढव रे."

त्याने बटण फिरवलं. ते आधीच टोकाला गेलेलं होतं.

"वाढत नाही, माई," तो म्हणाला. "एवढाच आहे."