जीवखड्याचे दहा दिवस

माघातल्या त्या रविवारीही नाना आणि कालिंदी सकाळच्या एसटीने पैठणला गेले. गेली वीस वर्षं महिन्यातले दोन रविवार असेच जात होते. नाना म्हणजे व्यंकटराव, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, वय त्र्याहत्तर. कालिंदी त्यांची थोरली मुलगी, औरंगाबादच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, बिनलग्नाची, पंचेचाळिशीला टेकलेली. आई जाऊनही बराच काळ लोटला होता. नाना पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून गोदावरीच्या पात्रात उतरत आणि ती घाटाच्या पायरीवर पुस्तक उघडून बसे.

नानांना गोल दगड लागत. माणसाने घडवलेले नव्हे, पाण्याने घासून गोल केलेले. सापडलेला दगड ते डोळे मिटून तळहातावर फिरवीत. बोट कुठे अडखळलं की तो परत पाण्यात. जायकवाडीचं धरण होऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून त्यांची तक्रार एकच होती.

"पूरच येत नाही, तर नवे दगड येणार कुठून? आहेत तेच उलटेपालटे करायचे," ते पायरीशी येत म्हणाले. "हा बघ. याच्या पोटावरून पांढरी रेघ गेलीय."

"छान आहे," कालिंदी म्हणाली. तिने पान उलटलं.

"श्रावणात सापडला होता, त्याचाच भाऊ वाटतो ना?"

"अगदी."

"सावलीत सरक. मग डोकं दुखतं तुझं."

परतताना पिशवी मांडीवर घेऊन नाना झोपून गेले. घरी वरणभात झाला. कालिंदीने दगड धुतले, पुसले आणि ओसरीवरच्या फळीवर मांडले. ते काम तिचंच होतं. सोमवारी पहाटे ती चहा घेऊन गेली, तेव्हा नाना उठले नाहीत.

धाकटा भाऊ सदाशिव दुपारपर्यंत नांदेडहून पोचला. स्मशानात निघताना त्याने फळीवरचा एक काळा दगड उचलून खिशात घातला. पाण्याचं मडकं फोडायला दगड लागतो, आणि पुढचे दहा दिवस गेलेल्याचा जीव त्यातच राहतो, असं मानतात. त्याला जीवखडा म्हणतात. लोक तो तिथल्याच जमिनीवरून उचलतात.

"नानांना त्यांचाच असू दे," सदाशिव म्हणाला. गुरुजींनी हरकत घेतली नाही. कालिंदीलाही ते बरंच वाटलं. मडकं फुटलं, दगडावर ओरखडाही उठला नाही. घरी आणून तो परसात कडुनिंबाखाली एका वाटीत ठेवला. रोज सकाळी त्यावर तीळ आणि पाणी सोडायचं, दहाव्या दिवशी पैठणला नेऊन नदीत सोडायचा.

माणसं येत होती, चहा पीत होती, ओसरीवरच्या चारशे दगडांकडे बघून मान हलवत होती. नाना त्यांची कुठे नोंद ठेवत नसत. कोणी विचारलंच तर म्हणत, "लिहायचं कशाला? आमच्या कालिंदीला सगळे पाठ आहेत." ही गोष्ट त्या दिवसांत तिला तीन जणांनी सांगितली. ती हो म्हणे आणि रिकाम्या कपबश्या उचले. झोप लागत नव्हती आणि जागही धड येत नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी धुणीभांडी करणाऱ्या सारजाबाई पदराला हात पुसत आत आल्या.

"ताई, मागं वाटीत साहेबांचा एक दगड पडला व्हता. तीळ चिकटून लई घाण झालता. म्या धुतला आन् दिला फळीवर लावून."

सदाशिव भरल्या ताटावरून उठला. "कोणत्या फळीवर, सारजाबाई?"

"आता कसं सांगू? समद्यांवर धूळ बसली व्हती, म्हनून समदेच खाली घेऊन पुसले म्या." दोघांची तोंडं बघून त्यांच्या ध्यानात आलं. त्या तिथंच भिंतीला टेकून बसल्या. "माझ्यापायी साहेब तहानलेले ऱ्हातील का वो?"

"नाही राहणार," सदाशिव म्हणाला. त्याला खरोखरच घोर नव्हता. "ताई, दे बरं काढून."

कालिंदी फळ्यांपुढे उभी राहिली. काळे दगडच दीडशेच्या वर असतील. ती एकाकडून दुसऱ्याकडे बघत गेली. वीस वर्षं यांना तिने धुतलं होतं, आणि त्यातला एकही तिच्या ओळखीचा नव्हता. मागे सारजाबाईंचं मुसमुसणं ऐकू येत होतं. तिने तिसऱ्या फळीवरचा एक दगड उचलला.

"हा."

सारजाबाई तिच्या पाया पडल्या. संध्याकाळी सदाशिव नांदेडला फोनवर बायकोला सांगत होता, "ताईने एका नजरेत ओळखला. आपल्याला सात जन्मात जमलं नसतं."

दुसऱ्या दिवशी पैठणच्या घाटावर विधी झाले. सदाशिवने त्या दगडावर शेवटचं पाणी सोडलं, तो ओंजळीत घेतला आणि कमरेइतक्या पाण्यात गेला.

"थांब, सदा," कालिंदी म्हणाली. "हा तो नाही."

"काल तूच दिलास ना?"

"दिला. पण अंदाजाने उचलला होता."

गुरुजींनी ताम्हणावरून नजर वर केली. "हरवतो कधी कधी. दर्भ ठेवून दुसरा घेता येतो, त्याला विधी आहे. या बाहेर, थंडी बाधेल."

सदाशिव पाण्यातच उभा राहिला. "विधीचं नाही हो, गुरुजी. ताई, तुला ओळखता आला नाही? नाना जन्मभर तुलाच दाखवत आले."

"दाखवायचे. मी छान म्हणायची."

"म्हणजे?"

पायऱ्या उतरून ती पाण्याच्या कडेला आली. ती मोठ्याने बोलू लागली; भावाला ऐकू जायला एवढ्या मोठ्याने बोलायची गरज नव्हती.

"नाना, मी बघत नव्हते. एकही दगड बघितला नाही मी. मला दगडांचं काही वेड नव्हतं. तुम्ही एकटे जाऊ नये, म्हणून येत होते."