कमरेची चंची

नाद माणसाला विचारून लागत नाही. रामहरीला तो लागला जुन्या लेन्सांचा. वाळूजच्या एका कंपनीत तो गाड्यांचे सुटे भाग तपासायचा. आठवडाभर लोखंडाकडे बघायचं आणि सुट्टी मिळाली की जुन्या बाजारात जाऊन काचेकडे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या, अस्सल धातूच्या, मुठीत मावणाऱ्या लेन्सा. मध्ये एक कडं बसवलं की त्या आजच्या कॅमेऱ्यावर चालतात, आणि जुन्या काचेतून जो मऊ उजेड येतो तो नव्या काचेला जन्मात जमत नाही, असं रामहरी भेटेल त्याला सांगायचा. ऐकणारा जांभई देईपर्यंत सांगायचा.

अडचण एकच होती, ने-आण. लेन्स लिंबाएवढी, पण वजनाला तराजूतल्या मापासारखी, आणि बहुतेकींची झाकणं कधीच हरवलेली. मोठ्या बॅगेत टाकल्या की एकमेकींवर आपटायच्या. मोटारसायकलला बॅग अडकवली की वाळूजच्या रस्त्यावरचे खड्डे आतले बारीक स्क्रू ढिले करून ठेवायचे. रामहरीने मोजे वापरून पाहिले, रुमाल वापरून पाहिले, एकदा तर बायकोचा, दीपालीचा, मसाल्याचा डबाही पळवला. त्या दिवशीच्या फोटोंचं माहीत नाही, पण कॅमेऱ्याला आठवडाभर हिंगाचा वास येत होता.

हे सगळं आबा कोपऱ्यात बसून बघत होते. आबा म्हणजे रामहरीचे वडील, खंडेराव. पिशोरकडचे मेंढपाळ. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा मेंढरं विकली आणि बजाजनगरच्या दोन खोल्यांत मुलाकडे येऊन राहिले. उभा जन्म रानोमाळ गेलेला, त्यामुळे चार भिंतींत त्यांना काय करावं सुचत नसे. एके दिवशी त्यांनी एक लेन्स हातात घेतली, तळहातावर तोलली आणि म्हणाले,

"आरं, ही जिनगानी गाडीला काय टांगतोस? कमरंला बांध. गाडीचा हादरा गाडीला लागू दे, तुझ्या अंगाला लागू दे, हिच्यापातुर कशाला जाऊ देतोस? आमी कोवळं करडू पोटाशी धरून डोंगर उतरायचो, ते काय उगंच?"

आणि म्हातारा शिवायला बसला. जुन्या घोंगडीचा तुकडा बाहेरून, धुऊन धुऊन मऊ पडलेलं धोतर आतून, एकात एक पाच कप्पे, गुंडाळायला झडप आणि कमरेला बांधायला सुताची नाडी. पान-तंबाखूची असते तशी चंचीच ती, फक्त कप्पे लेन्सच्या मापाचे. सुनेकडून लाल चिंधी मागून घेऊन त्यांनी कडेने गोटही लावला. रामहरीने लेन्सा घालून, चंची शर्टाखाली बांधून, मोटारसायकलवरून एक फेरी मारली. काही हललं नाही, काही वाजलं नाही. खूश झाला तो. शेजारच्या कडुबाला आबांनी तीन वेळा सांगितलं, की पोराच्या काचांना घर बांधून दिलं म्हणून.

इथपर्यंत सगळं गोड होतं.

शहरात फोटो काढणाऱ्यांचा एक गट होता. रविवारी सकाळी ही मंडळी जुन्या तटबंदीच्या कुठल्या तरी दरवाज्यापाशी नाहीतर मकबऱ्यामागे जमायची. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या म्हणजे सुरेखा मॅडम, शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका. त्यांच्या यजमानांचा पूर्वी पैठणगेटजवळ फोटो स्टुडिओ होता. ते गेले, स्टुडिओ गेला, पण त्यांची एक छोटी जर्मन लेन्स मॅडमनी जपून ठेवली होती. रामहरीचा जीव तिच्यावर जडलाय हे त्यांना कळत होतं. एकदा त्यांनी ती आपण होऊन त्याच्या हातात ठेवली.

"कपाटात पडून बुरशी धरेल. तू वापर महिनाभर. तू जपशील, मला माहीत आहे."

त्या रविवारी मकाई दरवाज्याच्या पुलावर जमायचं होतं. रामहरीने मॅडमची लेन्स चंचीच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात घातली, वर शर्ट, वर जॅकेट. आबांनी स्वतः नाडीची गाठ ओढून बघितली. "आता पडंल तर तूच पडशील," म्हणाले.

बेगमपुऱ्याजवळ येईस्तोवर सगळं ठीक होतं. मग रामहरीच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. सगळे आपापल्या काळ्या, चेन लावलेल्या बॅगा उघडतायत, आणि आपण शर्ट वर करून, कमरेची नाडी सोडून, घोंगडीची चंची उलगडतोय. बाजारच्या दिवशी पारावर बसून तंबाखू मळणाऱ्या बाप्यासारखं. गटात प्रेरणा नावाची एक मुलगी होती, मोठ्या घरातली, पुण्याला शिकून आलेली. ती काही वाईट नव्हती. पण मागच्याच रविवारी रामहरीच्या तोंडून चुकून "लई भारी" निघालं, तेव्हा ती गोड हसली होती. ते हसू त्याला आठवडाभर टोचत होतं.

त्याने गाडी बाजूला घेतली. इकडेतिकडे बघत, चोरी केल्यासारखी चंची सोडली. लेन्सा काढून जॅकेटच्या खिशांत टाकल्या आणि चंची चुरगाळून सीटखाली कोंबली. जनाची लाज एवढी वाटली, की मनाच्या लाजेला जागाच उरली नाही.

पुलावर पोचला, सगळ्यांशी हसून बोलला. कमानीतून येणारा उजेड टिपायला खाली वाकला आणि जॅकेटच्या उथळ खिशातून मॅडमच्या यजमानांची लेन्स घरंगळून दगडावर पडली. फार मोठा आवाज झाला नाही. पण सगळ्यांना ऐकू आला.

मॅडम पुढे आल्या. त्यांनी लेन्स उचलली. पुढच्या काचेच्या कडेचा टवका उडाला होता, कडं चेपलं होतं. त्यांनी ती ओढणीने पुसली. पुसण्यासारखं काही नव्हतं तरी पुसत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कशी रे पडली?" एवढंच विचारलं त्यांनी.

"मॅडम, ती चंची..." रामहरीची जीभ त्याच्याआधी धावली. "आमच्या वडिलांनी शिवून दिलेली, त्यातून आणत होतो. ती वाटेतच उसवली. म्हणून खिशात ठेवावी लागली. म्हातारपण आहे, हात थरथरतात, नजर राहिली नाही. मी म्हणत होतो नको, पण त्यांचा हट्ट."

जी चंची दाखवायची लाज वाटत होती, तीच त्याने आता ढाल करून पुढे धरली. आणि तिच्यामागे आबांनाही उभं केलं. खरं तर म्हाताऱ्याचा हात सुईच्या नाकात पहिल्या फटक्यात दोरा घालणारा होता. प्रेरणा म्हणाली, "अय्यो, बिचारे आजोबा." त्या 'बिचारे'ने रामहरीचे कान तापले.

गल्लीच्या तोंडाशी चंची पुन्हा कमरेला बांधून घरी आला, तर आबा दारातच. "जमली का रं चंची? हालली का काय?"

"नाय आबा. एकदम जमली."

"मग!" म्हातारा खुलला. "आनि त्या बाईंनी बघितली का?"

"बघितली. लई आवडली म्हणत होत्या."

एकाच दिवसात, एकाच चंचीबद्दल, तो दोन ठिकाणी दोन उलट्या गोष्टी बोलला होता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. सांगून टाकावं, असं दहादा मनात आलं. पण कुणाला सांगायचं? मॅडमना सांगितलं तर गट गेला, आबांना सांगितलं तर आबा गेले. रविवारी तो कामाचं निमित्त काढून घरीच राहिला. चंची खुंटीवर टांगलेली होती. येता-जाता तिच्याकडे पाठ करायची सवय त्याने लावून घेतली.

आणि पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी सुरेखा मॅडम स्वतः बजाजनगरला आल्या. पत्ता विचारत विचारत, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. रामहरीच्या तोंडचं पाणी पळालं. दीपालीने सतरंजी अंथरली. आबांनी उठून डोक्याला पटका गुंडाळला आणि हात जोडले.

"बसा बाई. पोरानं सांगितलं, तुमाला चंची पसंत पडली म्हनून."

मॅडम थोड्या गोंधळल्या. मग त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखायला मुलाने काहीतरी सांगितलं असेल. त्या मऊपणाने म्हणाल्या,

"आजोबा, मी त्यासाठीच आले. लेन्स पडली ना, ते मनाला लावून घेऊ नका. शिवण आहे, उसवतेच. तुमचं वय झालंय, तुम्ही प्रेमाने शिवलीत, हेच खूप. आणि दुरुस्तीवाला म्हणाला, कडं सरळ होईल, थोडा टवका राहील. फोटो येतात अजून."

आबांनी एकदाच रामहरीकडे पाहिलं. फार वेळ नाही. जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं, असं रामहरीला वाटलं, पण बजाजनगरची फरशी कुणाला पोटात घेत नाही.

"व्हय बाई," आबा म्हणाले. "चूक माझीच. शिवन कच्ची राहिली."

दीपालीच्या हातातला पाण्याचा तांब्या अडखळला. चंची रोज झटकून ठेवणारी तीच होती.

मॅडमनी खुंटीकडे बोट दाखवलं. "हीच का ती? बघू?" त्यांचा जन्म चित्रकला-हस्तकला शिकवण्यात गेलेला. चंची हातात येताच त्या तिला उलटून-सुलटून बघू लागल्या. कप्पे उघडले, गोटावरून बोट फिरवलं. "किती सुंदर आहे हो ही! कुठे उसवली होती?"

"म्या परत शिवली," आबा म्हणाले.

"पण दोरा तर सगळीकडे एकच आहे. एका हाताने, एका बैठकीत घातलेला." मॅडमनी मान वर केली. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता, उलट थोडं हसू होतं. "आजोबा, मुलाला पाठीशी घालताय होय?"

आबा ताठ बसले. पिशोरच्या पंचक्रोशीत खंडेरावच्या शब्दावर मेंढरांचे सौदे व्हायचे. एकदा शेजारच्या मेंढवाड्यातली मेंढी हरवली आणि संशय आबांवर आला, तेव्हा त्यांनी देवापुढचा भंडारा हातात उचलला आणि वाद तिथेच मिटला. ज्याने भंडारा उचलून सांगितलं त्याला पुन्हा कुणी विचारत नाही. आणि खंडोबाच्या हळदीवर जो खोटं बोलला, त्याच्या घरात सात पिढ्या सुख नांदत नाही, असं ही माणसं मानतात. मानतात म्हणजे गंमत म्हणून नव्हे.

"बाई, तुमाला इस्वास बसंना व्हय?" आबा म्हणाले, आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. भिंतीतल्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता, पुढे भंडाऱ्याची वाटी. आबांनी पटका सारखा केला. डोळे मिटले. चिमूट वाटीत गेली, हळद उजव्या तळहातावर आली, मूठ मिटली. "देवा मल्हारी, ह्या भंडाऱ्याची आन, शिवन—"

रामहरी सतरंजीवरून कसा उठला त्यालाच कळलं नाही. त्याने आबांची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"नको आबा. नका बोलू."

"सोड."

"आबा, नका ना! शिवन उसवली नव्हती." त्याचा आवाज फाटला. मॅडमकडे न बघताच तो बोलत सुटला. "मॅडम, एक टाकाबी निघाला नव्हता. मीच वाटंत गाडी थांबवून चंची सोडली. सगळ्यांच्या म्होरं शर्ट वर करून ती काढायची मला लाज वाटली. खिशात टाकली लेन्स, म्हणून पडली. अन् वर यांचं नाव सांगितलं. यांचे हात थरथरत नाहीत. यांना सगळं दिसतंय."

मॅडमनी चंची मांडीवर ठेवली आणि नजर खाली वळवली. आबांनी मूठ सोडवून घेतली नाही. दोघांच्या बोटांमधून हळद गळत होती, रामहरीचे तळवेही पिवळे झाले होते.

"चंचीची लाज वाटली?" आबांनी हळूच विचारलं.

रामहरीने मान डोलावली.

"नीट सांग. चंचीची, का माझी?"

आता 'चंचीची' म्हणणं सोपं होतं. बापालाही तेच ऐकायचं असणार, आणि मॅडमनाही. रामहरीने तोंड उघडलं, आणि हातातली हळद त्याला दिसली.

"तुमची, आबा."

म्हाताऱ्याने मुलाच्या हातांतून आपला हात काढून घेतला, उरलेला भंडारा काळजीपूर्वक वाटीत परत झटकला आणि बोटं कपाळाला पुसली.

"बरं," तो म्हणाला. "खरं बोललास." आणि दीपालीकडे वळून म्हणाला, "सूनबाई, पावन्या बाई बसल्यात. च्या टाक."