हलायचं नाही म्हणजे नाही

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. लगेच नाकं मुरडू नका! माझ्यावर कुणी जेवत नाही की अभ्यास करत नाही. माझ्या पाठीवर एक सूक्ष्मदर्शक बसतो आणि माझ्या पायांत हवेच्या उशा आहेत. जगात मला एकच काम, हलायचं नाही. रस्त्यावरून ट्रक जावो की शेजारची लिफ्ट धडधडो, हादरा उशांनी गिळायचा, वर पोचू द्यायचा नाही.

कारखान्यातून या प्रयोगशाळेत आलो तेव्हा केवढं कौतुक झालं माझं! पुढे सगळे विसरले. कुणी कोपर टेकवलं, कुणी चहाचा कप ठेवला. मोठे सर तर बोलता बोलता माझ्यावर थापच मारायचे.

आमच्या अंधाऱ्या खोलीत एक संशोधक ताई काम करायची. मोबाइलच्या चिपमध्ये असतो ना, तो अर्धवाहक पदार्थ. त्याचे केसाहून हजारो पट बारीक ठिपके ती लेझरने उजळायची. लहान ठिपका हिरवा चमकतो, जरा मोठा लाल. असे दोन ठिपके इथे शेजारी शेजारी आहेत, असं ती ठामपणे म्हणायची. पडद्यावर मात्र एकच पिवळट डाग!

"सूक्ष्मदर्शक म्हातारा झालाय," सर म्हणाले. "सोमवारी भंगारात काढू. तू दुसरा विषय घे."

"सोमवार उजाडू तर द्या, सर," ताई म्हणाली. तिची सगळी मेहनत पणाला लागली होती.

तिने भिंगं पुसली, लेझर बदलला. डाग जिथल्या तिथे. माझा जीव नुसता तुटत होता. कुणीतरी अडगळीचं खोकं माझ्याखाली कोंबलं होतं. ते माझ्या पोटाला टेकलं होतं, आणि जमिनीचा हादरा उशांना चुकवून त्यातून थेट वर चढत होता. चित्र थरथरायचं, हिरवा नि लाल उजेड एकमेकांत मिसळून पिवळा दिसायचा. पण सांगणार कसं? मला का तोंड आहे!

"आता पार खालून बघते," म्हणत ताई चक्क फरशीवर आडवी झाली. टॉर्च फिरला.

"अगं बाई! हे इथे कुणी ठेवलं?"

खोकं तिने ओढून काढलं. मी पुन्हा हवेवर उभा राहिलो. पडद्यावर एक हिरवा ठिपका, त्याला खेटून एक लाल.

"दोन आहेत, सर! दोन!"

सर धावत आले, बघतच राहिले. "शाब्बास!" म्हणून त्यांचा हात थापेसाठी वर गेला.

"सर, टेबल!"

हात हवेतच थांबला. आजवर पुष्कळ थापा खाल्ल्या, पण ही न पडलेली थाप मला सगळ्यात गोड लागली.

म्हणून सांगतो मित्रांनो, एखाद्याला निकामी ठरवण्याआधी जरा वाकून बघा, त्याच्या पोटाशी आपणच काही कोंबलेलं नाही ना. सोमवारी भंगारवाला आला होता. खोकं तेवढं घेऊन गेला.