साऱ्या शिवारात एकच ज्वारी

"थांबव वं ती तिफन!" सूर्यभान धुऱ्याच्या बांधावरूनच बायकोवर ओरडला. "सरकी काहून नाई पेरून राह्यली? पारावर बेल उचलून शपथ घेतली ना मी, साऱ्या शिवारात कापसाची पराटीच म्हनून!"

"बेल तुमी उचलला जी," गोदाबाई हळूच म्हणाली. चाड्यात ज्वारी सोडणारी तिची मूठ चालूच होती. "रोज पह्यली भाकर आपन महादेवाले दाखोतो. घरच्या ज्वारीची. त्याले आता कापूस चारू?"

सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली होती आणि अमरावतीच्या बाजारात कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. खुशालराव पाटलांनी पारावर विचारलं, "कापूसच ना?" तर साऱ्या माना एकदम हलल्या. सूर्यभानचीही.

पाटील वावरात आले, पण आवाज चढवला नाही. "पेर बाई. पन साऱ्या गावचे पाखरं तुयाच कनसावर उतरतीन. अन तुया वावरात कोनी गोफन घेऊन याचं नाई. आयकलं ना रे?"

"होय पाटील," मागची माणसं म्हणाली.

कार्तिकात कणसांत दूध भरलं आणि तसंच झालं. दरसाल पाखरं गावभरच्या वावरांत वाटली जायची. यंदा सगळे थवे एकाच वावरावर. मचाणावर गोदाबाई एकटी. एका कोपऱ्यातून उठवावीत, तर दुसऱ्यात बसत. खांदा सुजला, ओठांत महादेवाचं नाव. सूर्यभान शब्दाला बांधलेला. धुऱ्यावर नुसता बसून राही. कापूस वेचायला निघालेल्या बाया खालमानेनं जात.

"पाखरायलेच नैवद दाखव वं गोदे!" एक हसली, की साऱ्या हसत.

एका सकाळी पलीकडच्या धुऱ्यावरून गोटा सणाणत आला. बघते तो पाटलांची मैनाबाई, हातात गोफण!

"तुमी जी, पाटलीनबाई?"

"घरची ज्वारी सरली माय. बाजारातबी भेटून नाई राह्यली. लेकरं भाकर मांगतात, कापूस दळू काय? मले वाटे, ज्वारी पेराले पायजे व्हती असं मलेच एकटीले वाटते."

"मलेबी!" शेजारच्या पऱ्हाटीतून कापूस वेचणाऱ्या एकीचा आवाज आला. मग आणखी एक. ओटीतला कापूस ठेवून बायांनी ढेकळं उचलली.

तेवढ्यात पाटील आले.

उचललेले हात तसेच खाली आले. थवा पुन्हा कणसांवर उतरला. कोणी कोणाकडं बघेना. गोदाबाईनं महादेवाचं नाव घेऊन गोफण फिरवली; एका कोपऱ्यातली चार पाखरं तेवढी उठली.

मैनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलंच नाही. डोईचा पदर सावरला आणि गोटा सोडला. मग तीन धुऱ्यांवरून ढेकळं सुटली. पाखरांनी आभाळ भरलं.

पाटलांनी काठी उचलली. काठी उगवतीकडं वळली.

"तिकडल्या धुऱ्यावर कोनीच नाई. बसून राह्यले ना पाखरं!"

"होय पाटील!" म्हणत साऱ्या तिकडंच धावल्या. सूर्यभान सगळ्यांच्या पुढं.

बाकीचे तीन धुरे उघडे पडले. गोदाबाईनं हसू पदराआड दाबलं आणि मचाणावरून हाक दिली,

"पाटील, मंग हा धुरा तुमी धरा जी."

पाटलांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि वाकून एक ढेकूळ उचललं.