राखणदार आणि दुसरा दांडा

तोंडवलीच्या पुळणीत माशांच्या टोपल्यांनी भरलेला ट्रक रुतला होता आणि भोवती सगळा गाव जमला होता. एकोणीसशे अठ्ठावन्न सालची गोष्ट. सहदेवबुवांनी बॉनेटवर नारळ ठेवला आणि डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! ह्या पुळणीचो जो कोण राखणदार आसा, तो आज ह्या गाडयेक फुडसून ओढतलो रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गावाने साद दिली.

तिसऱ्या ‘व्हय म्हाराजा’ला ट्रक थरथरला आणि चालू लागला. बैल नाहीत, दोर नाही, चाकाखाली फळी नाही. बायकांनी वाळूला डोकं टेकलं.

पूर्वी अप्पांचा हा ट्रकही इतरांसारखाच रुतायचा. मग पावसाळाभर तो कोल्हापूरला राहिला आणि परतल्यापासून तो रुतला की बुवा असं गाऱ्हाणं घालू लागले. गाडीत काय केलंत, असं कुणी विचारलं की अप्पा हात जोडायचे. “आमी काय केलां? बुवांनी राखणदार जुपलो.” दर खेपेला राखणदाराला एक कोंबडा लागे. तो खायला राखणदार बुवांच्याच घरी येत असे.

त्या दिवशी सोमवार होता. सोमवारी सूर्य मावळेपर्यंत मी बोलत नाही. म्हणून सगळे ओरडत होते तेव्हा मी एकटीच ऐकत होते. परशुराम ड्रायव्हरच्या पायाशी ‘खट्’ असा आवाज झाला आणि ट्रकच्या पुढच्या चाकांनी वाळू उडवली. पूर्वी वाळू मागचीच चाकं उडवत.

गाडीतलं मला काही कळलं नाही. पण आवाज झाकण्यासाठी देव माणसांना ओरडायला लावत नाही, एवढं कळलं. घरी येऊन तुळशीला पाणी घातलं आणि गप्प राहिले. देवाच्या नावाने चाललंय, आपण कशाला बोला.

दोन आठवड्यांनी, सोमवारीच, माझी मुलगी जानकी अडली. नर्मदा सुईण हात धुऊन बाहेर आली. “पोर आडवां आसा गो. हिका मालवणाक व्हरा, आत्ताच्या आत्ता.”

जानकीला ट्रकमध्ये गोधडीवर निजवलं. शंभर पावलांवर ट्रक रुतला आणि परशुरामाने इंजिन बंद केलं.

“गाडी काढ रे!” नर्मदा ओरडली.

“बुवा येवक व्हये.”

“खंय मेलो तुझो बुवा?”

“आचऱ्याक. सायकल धाडलंय.”

परशुरामाच्या पायाशी दोन दांडे होते; कोल्हापूरला जाण्याआधी एकच होता. मी त्यांतल्या दुसऱ्याकडे बघत होते. जानकी आधी ओरडत होती, मग नुसती कण्हू लागली. माझं मौन अकरा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. माडाची सावली मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर आली, तेवढा वेळ मी ते पाळलं. मग म्हटलं, “परशुराम, तो दुसरो दांडो ओढ.”

त्याचा चेहरा उतरला. “काकी, बुवांनी शपथ घातली आसा. कोणाक सांगलंय तर पोर मरतला.”

“कोणाचा रे? तुझा काय माझा?”

खट्. ट्रक चालू लागला.

मालवणच्या डॉक्टरांनी जानकीला वाचवलं. मुलगा होता. तासभर आधी आणायला हवं होतं, असं ते म्हणाले. मला रडू आलं नाही. अजून येत नाही.

पंधराव्या दिवशी मी परशुरामाला ट्रक पुळणीत घालायला लावला. गाव जमला. “दांडो हलव नको,” मी त्याला म्हटलं. “बुवा, आता घाला गाऱ्हाणां.”

बुवांनी घातलं. गावाने बारा वेळा ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. मागची चाकं फिरत फिरत अर्धी वाळूत गेली.

“मेलेल्या पोराचो विटाळ लागलो गाडयेक,” बुवा म्हणाले.

“मग विटाळातच ओढ, परशुराम,” मी म्हटलं. “आणि आता कोणीच बोलू नका.”

गाव गप्प झाला. खट्! तो आवाज सगळ्यांनी ऐकला. नारळ नाही, गाऱ्हाणं नाही. पुढची चाकं वाळू उपसत निघाली आणि ट्रक पुळणीबाहेर आला.

मग परशुरामाने एकेकाला गाडीखाली बोलावून दाखवलं. आधी इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळायचा; पुढची नुसती घरंगळत. कोल्हापूरच्या मिस्त्रीने मोडीत निघालेल्या लष्करी गाडीचा पुढचा आस ह्या ट्रकला बसवला, मधे दातेरी चक्रांची पेटी घातली आणि तिच्यापासून पुढे एक लोखंडी दंड नेला. दुसरा दांडा ओढला की तो दंड फिरतो आणि पुढची चाकंही ओढू लागतात. फुडसून ओढणारा राखणदार तो एवढाच.

मिस्त्रीचं काम चोख होतं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या गाडीवाल्यांनीही तसाच आस बसवून घेतला असता. म्हणून अप्पांनी मधे देव आणला.

मी अजून सोमवार पाळते, मौनही पाळते. देवावर माझा राग नाही. त्याने माझे कान उघडे ठेवले होते, तोंड मी मिटलं. तुम्हीही देवाला हात जोडा. फक्त कुणी तुमच्याकडून ‘व्हय म्हाराजा’ मागू लागला, तर एकदा गप्प राहून ऐका. आणि जे ऐकू येईल ते त्याच दिवशी सांगा. मी दोन आठवडे थांबले होते.