सागवानी गिटार

महाप्याच्या रोहिदासची गिटार दिवाळे गावच्या चांगदेवच्या हातची होती. चांगदेव होड्या बांधायचा. रोहिदासनं मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेली एक मोडकी गिटार त्यानं समोर ठेवली, मचव्यातून उरलेलं सागवान काढलं आणि तीन आठवड्यांत नवी उभी केली. ही पोकळ नव्हती, भरीव होती. दांडा इतका सरळ की एका टोकाला डोळा लावला तर दुसऱ्या टोकापर्यंत सुतभर वाक दिसत नसे. रोहिदास ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात जळलेल्या मोटरींना नवी तार भरायचा. तारांचा सूर अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत नेणारी, तारांखालची कॉइल त्यानं स्वतः गुंडाळली. सगळं मिळून साठ रुपये लागले. विलायती गिटारीला दुकानात हजार मागत.

लग्नात लाऊडस्पीकरवाला यायचा. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर चालायचा. रोहिदास आपली वायर त्यात खुपसायचा आणि आंब्यावर बांधलेल्या भोंग्यातून धवल्यांच्या, लग्नातल्या गाण्यांच्या, चाली खाडीपलीकडे ऐकू जायच्या. सदुसष्टच्या लग्नसराईपर्यंत आसपासच्या गावांतली बोलावणी त्यालाच येऊ लागली.

नावड्याच्या गोटीरामचा बँड वीस वर्षं त्या गावांत वाजत होता. दहा माणसं होती. त्याचा धाकटा भाऊ पंढरी क्लॅरिनेट वाजवायचा आणि तो फुंकू लागला की म्हाताऱ्यासुद्धा उठून उभ्या राहायच्या. एका दुपारी गोटीराम कारखान्याच्या फाटकापाशी येऊन थांबला.

"तू एकलाच येतंस," तो रोहिदासला म्हणाला. "माज्यामागं धा चुली हायत. तुज्या गावात वाजव, मी काय बोलनार नाय. नावड्यात येव नको."

"बोलावलं तं येनार," रोहिदास म्हणाला.

नावड्याच्या धर्मराजनं मुलीच्या लग्नाला बोलावलं आणि तो गेला.

लग्न लागलं. भर दुपारी पंगत बसत होती. रोहिदास दुसरं गाणं वाजवत होता, तेवढ्यात गोटीरामची माणसं मांडवात शिरली. एकानं कोयत्यानं वायर तोडली. दुसऱ्यानं आंब्यावरचा भोंगा खाली ओढला आणि दगडानं चेचला. लाऊडस्पीकरवाला आडवा आला, त्याच्या तोंडावर काठी बसली. बायका पोरांना उचलून पळाल्या, पत्रावळी पायांखाली गेल्या. पंढरीच्या हातात काहीच नव्हतं. त्यानं सरळ गिटारीचा दांडा धरला आणि ओढला.

रोहिदासनं हिसका देऊन गिटार सोडवली. मग दोन्ही हातांनी दांडा धरून ती फिरवली.

भरीव सागवानाची कड पंढरीच्या उजव्या कानावर बसली. तो बसल्यासारखा खाली गेला आणि कलंडला. कानातून रक्त येऊन भातात मिसळलं. रोहिदासनं गिटार पुन्हा वर उचलली होती. दुसरा घाव त्यानं घातला नाही, कारण मागून त्याच्या पाठीत काठी बसली. पुढं त्याला पाच जणांनी मारलं. तीन दात पडले, दोन बरगड्या मोडल्या.

पोलिसांनी मुद्देमाल म्हणून गिटार नेली. फौजदारानं ती उलटसुलट करून पाहिली. एक तार तुटली होती, बाकी काही झालं नव्हतं.

पंढरी वाचला, पण उजवा कान गेला. उभं राहून फुंकू लागला की त्याला चक्कर यायची. त्यानं क्लॅरिनेट सोडली. रोहिदासला दीड वर्षाची सजा झाली. ठाण्याच्या तुरुंगात तो चटया विणायचा. गिटार वर उचललेली असतानाचा तो क्षण त्याच्या मनातून जाईना. मागून काठी बसली नसती तर आपण पुन्हा मारलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सुटल्यावर चार दिवसांनी तो नावड्याला गेला. आई यशोदाबाई वाटेत आडवी उभी राहिली होती, तरी गेला. पंढरी ओट्यावर बसला होता. त्याची बायको सखू भात कांडत होती. रोहिदासला पाहून तिचं मुसळ थांबलं.

"कशाला आलास?" पंढरीनं विचारलं.

"तुला बघायला."

"बघ." पंढरी उठला. त्यानं सखूच्या हातून मुसळ घेतलं. "तारा कुठल्या हातानं दाबतंस?"

"डावा."

"ठेव मंग." त्यानं जोत्याच्या दगडाकडं बोट दाखवलं.

अंगण मोकळं होतं, पळायला वाट होती. रोहिदास खाली बसला आणि डावा पंजा दगडावर पसरला. सखू म्हणाली, "नको वो, कोरट होल परत." पंढरीनं मुसळ उचललं आणि दोनदा हाणलं. पहिल्या घावाला रोहिदास ओरडला. दुसऱ्याला तो कुशीवर कलंडला.

सखूनं पदर फाडून हात बांधला. बांधताना ती दोघांनाही शिव्या देत होती आणि रडत होती. पंढरी भिंतीकडं तोंड करून बसला. रोहिदासनं तक्रार केली नाही. महाप्यात विचारणाऱ्यांना त्यानं मशीनमध्ये हात गेल्याचं सांगितलं.

तीन बोटं कायमची ताठ राहिली. कोर्टातून सोडवून आणलेली गिटार वर्षभर खुंटीला होती. मग चांगदेवनं तिच्या तारा वर उचलून दिल्या, आणि रोहिदास ती मांडीवर आडवी घेऊन डाव्या अंगठ्यानं ताठ बोटांशी दाबून धरलेली लोखंडी कांडी तारांवरून सरकवू लागला. नवा सूर लांबत जायचा. लोकांना तो आधी रडका वाटला, पुढं आवडला. बोलावणी पुन्हा आली, तेव्हा नावड्याला मात्र त्यानं स्वतःच नाही म्हटलं.

बहात्तरच्या वैशाखात महाप्याच्या एका लग्नात पंढरी मुलीकडचा पाहुणा म्हणून आला. डावा कान भोंग्याकडं येईल असा तो मांडवात बसला. त्याला पाहताना रोहिदासची कांडी घसरली आणि सूर चुकला. नाचणाऱ्यांना कळलं नाही. पंढरीनं मान वर करून पाहिलं. दोन गाणी होईस्तोवर तो बसून राहिला, मग जेवून घरी गेला. अंगणातल्या त्या दिवसानंतर ते दोघं पुन्हा कधीच बोलले नाहीत.