आपोआप चढणारी काच

शीलाच्या लेकीच्या, मित्राच्या, गळ्यावरचा लाल वळ फिकट होत आला होता, तरी शीला घडीघडी तिची हनुवटी वर करून पाहत होती.

रविवारी त्या दोघी राळेगावहून बाभुळगावला निघाल्या होत्या. चार वर्षांच्या मित्राने मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली आणि काच आपोआप वर चढू लागली. गाडी चालवणाऱ्या शीलाने आपल्याजवळचं बटण खाली दाबलं, पण काच ऐकेना. लेकीचं रडणं एकाएकी थांबलं. शीलाने करकचून ब्रेक मारला, किल्ली फिरवली आणि मागे धावत जाऊन दोन्ही पंजांनी काच खाली रेटली.

"काच आपोआप काहून चढन?" नवरा राजदीप तेव्हापासून हेच म्हणत होता. "तुहा हात लागला असन बटणाले."

"म्या नाही दाबलं हो," ती सांगायची. पण मनात किडा वळवळत होता. खरंच लागला असेल तर? आपणच आपल्या लेकीचा गळा...

आज तिघं बसस्टँडजवळ प्रेमसिंगच्या गॅरेजमध्ये आले होते. गाडीच्या वायरिंगचं काम तालुक्यात त्याच्यासारखं कुणी करत नसे. त्याने बटण उघडलं, मीटर लावलं, मोटर तपासली. काच वीस वेळा खालीवर केली. कुठेच काही नाही.

"सगळं तं बराबर हाय, ताई."

राजदीपने शीलाकडे पाहिलं. धरणी दुभंगावी असं तिला वाटलं.

प्रेमसिंग मात्र उठला नाही. "आदळल्यावर चढली म्हणता नं?" त्याने मागचं दार उघडलं. दार आणि गाडीच्या सांगाड्याच्या मध्ये रबराची नळी होती, आतून तारा जात होत्या. "चालू ठेवा किल्ली. मी हे हलवून पाहतो."

"पाहा, काही होत नाही," म्हणत राजदीपने उघड्या खिडकीतून कोपरापर्यंत हात आत घातला.

प्रेमसिंगने नळी पिळली. काच सरकन वर आली.

राजदीप ओरडला. मित्रा तर त्याच्याही वरच्या आवाजात किंचाळली. शीलाने पुढच्या दारातून झेप घेऊन किल्ली बंद केली. काच थांबली, पण हात आत अडकलेलाच होता, आणि बोटं पांढरी पडत चालली होती.

प्रेमसिंगने ब्लेडने नळी चिरली. एका तारेचं आवरण घासून गेलं होतं आणि आतलं तांबं दाराच्या पत्र्याला टेकत होतं. "हे टेकलं की गाडीले वाटते, कोणं वरचं बटण दाबलं. म्हणून तुमचं खालचं बटण चाललं नाही." त्याने ती तार चिमटीत धरून पत्र्यापासून दूर केली. "आता किल्ली चालू करा ताई, अन् खालचं दाबा."

शीलाचा हात उठेना. पुन्हा काच वरच गेली तर?

"दाब, शीला," राजदीप दात आवळून म्हणाला. "लवकर."

तिने डोळे मिटले आणि दाबलं. काच गुरगुरत खाली गेली.

प्रेमसिंगने नवी तार जोडली, टेप गुंडाळली, नळी बदलली. मग खिडकीत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, काडी आडवी धरून कितीतरी वेळ दार हलवलं. काडी शाबूत राहिली.

राजदीप कोपर चोळत उभा होता. "मले वाटलं, तूच..." दोन दिवसांनी पहिल्यांदा शीलाचा श्वास पोटापर्यंत उतरला.

मित्रा मात्र गाडीत चढायला तयार नव्हती. दार घट्ट धरून बाहेरच उभी होती. शेवटी शीला मागे बसली, तिला मांडीवर घेतलं. खिडकी बंद होती, तरी रस्त्यावर पहिला खड्डा आला तेव्हा तिचा तळवा लेकीच्या गळ्यावर आपसूकच गेला, आणि घर येईपर्यंत तिथेच राहिला.